निदानाचा रकाना

हेमंतच्या डाव्या मनगटाच्या चार बोटे वर एक शीर आहे. दोन वर्षांपूर्वी ती कुणाच्याही शिरेसारखी होती: निळसर, दोनेक मिलिमीटर रुंद, दिसली न दिसली अशी. मग डॉक्टरांनी तिला शेजारच्या रोहिणीला, म्हणजे धमनीला, जोडून दिले आणि रोहिणीतले रक्त जोराने तिच्यात शिरू लागले. आता ती करंगळीएवढी जाड आहे. तिच्यावर बोट ठेवले तर ठोका लागत नाही, सलग थरथर लागते. कान जवळ नेला तर चार घरे पलीकडे पिठाची गिरणी चालू असावी तसा आवाज येतो. ही थरथर रोज तपासायची असते. ती थांबली तर डायलिसिसच्या सुया टोचायला जागा उरत नाही.

दर रविवारी मी काचीगुड्याला माहेरी जाते तेव्हा हेमंत न सांगता हात पुढे करतो. मी दोन बोटे ठेवून थांबते. तो विचारतो, "चालू आहे का गिरणी, अक्का?" मी चालू आहे म्हणते आणि मग चहा येतो. तो माझा धाकटा भाऊ, वय त्रेचाळीस. सोमवार, बुधवार, शुक्रवार असा आठवड्यातून तीनदा तो चार-चार तास यंत्राला जोडलेला असतो. कोठीच्या बाजारात त्याचे जुन्या पाठ्यपुस्तकांचे दुकान आहे. ते आता त्याची बायको त्रिवेणी सांभाळते.

मी जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. केले आणि गेली सतरा वर्षे आबिड्समधल्या एका संस्थेत मेडिकल कोडिंग शिकवते. अमेरिकेतल्या दवाखान्यांतली कागदपत्रे इथे येतात. ती वाचून प्रत्येक आजाराला आणि प्रत्येक शस्त्रक्रियेला ठरलेला आकडा द्यायचा, आणि त्या आकड्यांवर तिकडची विमा कंपनी पैसे देते. काम एवढेच. शिकायला येणारी मुले बी.एस्सी., बी.फार्म. झालेली असतात, पण कागदावरचे लांबलचक शब्द पाहून बिचकतात. त्यांना मी पहिल्या दिवशी सांगते, शब्दाला शेपटीकडून धरा. शेवटी '-आयटिस' असेल तर सूज, दाह. '-ऑमा' असेल तर गाठ. '-ॲल्जिया' म्हणजे दुखणे, '-पथी' म्हणजे बिघाड. '-इमिया' आले की गोष्ट रक्तातली आहे, '-युरिया' आले की लघवीतली. मग शस्त्रक्रियांच्या शेपट्या. '-ऑटमी' म्हणजे चिरणे, '-ऑस्टमी' म्हणजे तोंड करून ते उघडे ठेवणे, '-एक्टमी' म्हणजे काढून टाकणे. या तिघींत मुलांचा फार घोटाळा होतो. मी म्हणते, पाठ करू नका, रोग्याच्या जागी स्वतःला ठेवून बघा. एकीत टाके घातले की झाले, दुसरीत भोक राहते, तिसरीत गेलेली वस्तू परत येत नाही.

ज्या पुस्तकावरून मी हे शिकवते ते हेमंतनेच दिलेले. सतरा वर्षांपूर्वी रद्दीच्या एका गठ्ठ्यात त्याला सापडले होते. मागे वीस पानांत नुसत्या शब्दांच्या शेपट्या आणि त्यांचे अर्थ. "हे कुणी विकत घेणार नाही," तो म्हणाला होता, "तूच ठेव."

आमच्याकडे कुणाचाही रिपोर्ट आला की तो माझ्याकडे येतो. माहेरचे, सासरचे, महाराष्ट्र मंडळातल्या ओळखीच्यांचे. डॉक्टरांनी सांगितलेले असतेच, पण मी सांगितल्याशिवाय ते घरात खरे होत नाही. हेमंतचा पहिला रिपोर्टही मीच वाचला. स्वयंपाकघरात उभ्याउभ्या वाचला. आई गॅसजवळ होती. तिने विचारले, काय लिहिलंय? शब्द होता क्रॉनिक ग्लोमेरुलोनेफ्रायटिस. सवयीने मी त्याला शेपटीकडून धरले आणि म्हणाले, मूत्रपिंडांना सूज आहे.

"सूजच ना?" आई म्हणाली. "मग उतरंल की."

तिचा चेहरा इतका मोकळा झाला की पुढचे मी त्या दिवशी सांगितले नाही. दोन महिने ती हेमंतला जवाचे पाणी आणि पुनर्नव्याचा काढा देत राहिली आणि शेजारणींना सांगत राहिली की सूज आहे, उतरेल. डायलिसिसची तारीख आली तेव्हा ती माझ्याकडे पाहून म्हणाली, तू तर सूज म्हणाली होतीस. शब्दाचा अर्थ मी बरोबर सांगितला होता. आजाराचा सांगितला नव्हता.

मग मूत्रपिंड कोण देणार हा प्रश्न आला. आई एकाहत्तर वर्षांची आणि मधुमेही, म्हणून ती बाद. बाबा नाहीत. त्रिवेणी त्याच दिवशी उभी राहिली आणि बाही वर करून म्हणाली, माझं घ्या. तिचा रक्तगट बी निघाला, हेमंतचा ओ. ओ गटाला ओचेच चालते. तिला हे मी समजावले तेव्हा तिने रडण्याऐवजी मलाच दोनदा विचारले, "वन्सं, परत एकदा तपासू या का? चुकलं असंल." मग माझी पाळी आली. मला कुणी विचारले नाही आणि कुणी विचारायला हवे असे मलाही वाटले नाही. शुक्रवारी सुट्टी घेऊन मी रक्त देऊन आले. गट ओ निघाला. मग ऊती जुळतात का ते पाहिले. तो रिपोर्टही वाचायला माझ्याकडेच आला, आणि मी तो काचीगुड्याच्या घरी, सगळे जेवायला बसलेले असताना वाचला. सहापैकी सहा जुळत होते.

आईने देवापुढे साखर ठेवली. त्रिवेणीने ताटावरून उठून खरकट्या हातानेच माझे पाय धरले. हेमंत उठून जिन्यात गेला, बऱ्याच वेळाने परत आला, आणि म्हणाला, "आता तू माझ्याशी भांडून दाखव, अक्का. तुझी एक किडनी माझ्यात, म्हणजे अर्धी मतं माझ्याकडं."

सगळे हसले. मीही हसले. मी हो म्हणाले नाही. नाहीही म्हणाले नाही.

या गोष्टीला आठ महिने झाले.

आमच्या कामात एक पक्का नियम आहे. डॉक्टरने जे लिहिले नाही ते घडलेले नाही. 'असावे', 'वाटते', 'शक्यता आहे' असे लिहिले असेल तर दाखल न होता नुसते तपासून गेलेल्या रोग्याला त्या आजाराचा आकडा द्यायचा नाही. मी आयुष्यभर या नियमाने राहिले. जोवर मी हो म्हटलेले नाही तोवर माझ्या नावापुढे काही नाही, असे मी धरून चालले. पण आमच्या घरचा नियम नेमका उलटा आहे. मुलीने नाकारले नाही म्हणजे कबूल. मला बघायला आले होते तेव्हा बाबांनी पाहुण्यांसमोर विचारले होते, काय, बरं आहे ना? मी खाली पाहिले, आणि नारळ फुटला. बाबा गेल्यावर घराच्या हक्कसोडपत्रावर सही करायची होती. निबंधकाच्या कचेरीत आईने पेन माझ्या हातात दिले, मी सही केली, आणि बाहेर येऊन सगळ्यांनी मिळून उसाचा रस प्यायला. त्या दोन्ही गोष्टींबद्दल माझी तक्रार नाही. अविनाश चांगला माणूस आहे. आणि त्या घराचा अर्धा हिस्सा घेऊन मी काय करणार होते? एवढेच सांगते की माझे गप्प राहणे तिथे कसे वाचले जाते हे मला ठाऊक होते. ठाऊक असून मी आठ महिने गप्प राहिले.

गप्प राहिले असे म्हणणेही पुरते खरे नाही. मी बोलत होते, पण दुसरेच. माझ्या साखरेची तपासणी पुन्हा करू या म्हणाले. ही बॅच संपू दे म्हणाले. पुण्याला असलेल्या आमच्या लेकीची, मृण्मयीची परीक्षा होऊ दे म्हणाले. प्रत्येक वेळी आई म्हणायची, बरोबर आहे, घाई नको, तुझं सगळं नीट होऊ दे आधी. ती मला बादली उचलू देत नसे. दर गुरुवारी शेपूची भाजी आणि ज्वारीची भाकरी डब्यात भरून त्रिवेणीबरोबर आबिड्सला पाठवायची. एकदा मी स्टुलावर चढून माळ्यावरचा डबा काढत होते तर तिने हात धरून खाली उतरवले.

"तुझं अंग आता तुझं एकटीचं नाही," ती म्हणाली.

गरोदर बाईला म्हणतात तशा सुरात. मला मृण्मयीच्या वेळचे दिवस आठवले. तेव्हा ते वाक्य ऐकून मला बरे वाटायचे.

मी शास्त्र शिकलेली बाई आहे, म्हणून मी कागद घेऊन बसले. दाता शस्त्रक्रियेत दगावण्याचे प्रमाण दहा हजारांत तीनच्या आसपास. उरलेले एक मूत्रपिंड काही महिन्यांत काम वाढवून घेते. पुढे आयुष्यात आपलेच मूत्रपिंड निकामी होण्याचा धोका थोडा वाढतो, पण थोडाच. दोन आठवड्यांनी साधी कामे, दोन-अडीच महिन्यांनी सगळी. डाव्या बाजूला हे सगळे लिहिले. उजव्या बाजूला, नको म्हणण्याची कारणे, अशी ओळ काढली आणि तिच्याखाली काही लिहिता येईना. भीती? भीती होती, पण मला डोळ्यांच्या शस्त्रक्रियेचीही वाटली होती आणि ती मी करून घेतली. राग? हेमंतवर मी कधी रागावून दोन दिवस राहिलेली नाही. मला माझ्या शरीरातून ते काढून द्यायचे नव्हते. याच्यामागे जाऊन पाहिले तर पुन्हा हेच वाक्य सापडत होते. कागद मी फाडला आणि दुसऱ्या रविवारी पुन्हा त्याच्या शिरेवर बोटे ठेवली.

मागच्या महिन्यात वर्गात '-एक्टमी' आली. फळ्यावर मी नेहमीची यादी लिहिली: अपेंडेक्टमी, टॉन्सिलेक्टमी, हिस्टरेक्टमी, नेफ्रेक्टमी. शेपटी लाल खडूने. मग दुसरा नियम सांगितला: प्रत्येक शस्त्रक्रियेच्या शेजारी तिला आधार देणारे निदान हवे. अपेंडिक्स काढले तर तिथे '-आयटिस' दिसला पाहिजे, गर्भाशय काढले तर '-ऑमा' किंवा तसे काही. निदानाचा रकाना रिकामा असेल तर विमा कंपनी कागद परत पाठवते. मग सरावासाठी सरमिसळ नमुने वाटले.

नसरीन नावाची एक मुलगी पुढच्या बाकावर बसते. हुशार आहे, आणि जे कळत नाही ते लगेच विचारते. तिने हात वर केला.

"मॅम, इस औरत का गुर्दा निकाले, मगर इसको बीमारी क्या है? कुछ लिखेच नै. सब नॉर्मल है."

मी कागद पाहिला. बावन्न वर्षांची बाई. रक्तदाब, साखर, लघवी, सगळे ठीक. डावे मूत्रपिंड काढले. मी म्हणाले, ही दाता आहे. दात्याला आजार नसतो. त्याच्यासाठी वेगळा आकडा आहे, त्याचा अर्थ एवढाच की या व्यक्तीने मूत्रपिंड दिले. तो निदानाच्या रकान्यात घालायचा.

"तो वजह दूसरे के पेपर में है," नसरीन म्हणाली.

"हो. दुसऱ्याच्या."

तिने लिहून घेतले. मागून कुणी तरी हळूच विचारले, आणि तिने नाही म्हटले असते तर कोणता आकडा? वर्ग हसला. मी म्हणाले, मग कागदच झाला नसता, पुढचा नमुना घ्या. त्या दिवशी मी तास दहा मिनिटे आधी सोडला, सतरा वर्षांत कदाचित दुसऱ्यांदा.

गेल्या गुरुवारी रुग्णालयाने मला बोलावले. अवयवदानाला परवानगी देणाऱ्या समितीपुढे जाण्याआधी दात्याशी एकट्याने बोलायचे असते, घरच्यांना बाहेर बसवून. आई आणि हेमंत बाहेरच्या बाकावर बसले. आत पद्मजा म्हणून समन्वयक होत्या, माझ्याच वयाच्या, तेलुगू, आवाज अगदी मऊ. त्यांनी ठरलेले प्रश्न विचारले. नाते काय, शिक्षण काय, कुणी दबाव टाकला का. मी म्हणाले, नाही. तेही खरे होते. दबाव टाकायची वेळ कुणावर आलीच नव्हती. मग त्यांनी विचारले, हे तुम्ही स्वतःच्या इच्छेने देत आहात का?

त्यांनी थांबून पुन्हा विचारले. मी टेबलावरच्या पेनस्टँडकडे पाहत राहिले. तिसऱ्यांदा त्यांनी विचारले नाही. फाइल मिटली, खुर्ची जवळ ओढली आणि म्हणाल्या, "आप कुछ मत बोलिए. हम लिख देंगे, डोनर अनफिट. घर में झगड़ा नहीं होगा."

मी विचारले, काय लिहाल? त्या म्हणाल्या, डॉक्टरच सांगतील, लघवीतून थोडे प्रथिन जाते म्हणून. असे पुष्कळदा करावे लागते, विशेषतः बहिणींसाठी आणि बायकांसाठी. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

प्रोटीन्युरिया. हा शब्द मी फळ्यावर किती वेळा लिहिला असेल याचा हिशेब नाही.

मग मी विचारले, मी नसेन तर हेमंतचे काय? तेव्हा मला जे कळले ते आठ महिन्यांपूर्वी मी स्वतः विचारून घ्यायला हवे होते. रुग्णालयाकडे अदलाबदलीची एक यादी असते. ज्या जोडप्याचा गट एकमेकांना जुळत नाही, त्यांनी तशाच दुसऱ्या जोडप्याशी देवाणघेवाण करायची: त्रिवेणीचे मूत्रपिंड दुसऱ्या कुणाला, त्यांच्या माणसाचे हेमंतला. ओ गटाला वेळ लागतो, सहा महिने, वर्ष, सांगता येत नाही. पण घरात जुळणारा दाता आहे तोवर अशी जोडी यादीत घालत नाहीत. मृत दात्यांकडून मिळणाऱ्या मूत्रपिंडासाठीही हेमंतचे नाव दिलेले नव्हते. पद्मजांनी फाइल उघडून दाखवली. पहिल्याच पानावर आईने सांगितलेले लिहून घेतले होते: थोरली बहीण देणार आहे. खाली तारीख होती, रिपोर्ट वाचला त्याच्या दुसऱ्या दिवसाची.

म्हणजे माझ्या नावापुढे काही नाही असे मी समजत होते तेव्हा तिथे सगळे लिहिलेले होते. आणि त्या एका ओळीमागे हेमंतचे आठ महिने गेले होते.

मी म्हणाले, मला सोमवारपर्यंत वेळ द्या. यादीचे फॉर्म मागून घेतले, पर्समध्ये घडी घालून ठेवले. बाहेर आले तर आईने विचारले, झालं? मी म्हणाले, बुधवारी समिती आहे. हेमंतने माझी पर्स स्वतःच्या खांद्यावर घेतली, मला काही उचलू द्यायचे नाही म्हणून.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी मी अविनाशला सांगितले. गेले काही महिने त्याला शंका होतीच. तो म्हणाला, तुझ्या झोपेवरून कळत होतं. पुढे तो जे म्हणाला ते शहाणपणाचेच होते. रुग्णालय स्वतःहून लिहून देते आहे तर घे. यादीत नाव लागेल, हेमंतचे काम पुढे सरकेल, आणि तुझ्या आईला एकाहत्तराव्या वर्षी हे ऐकावे लागणार नाही.

"यात कुणाचं काय जातं, वैशाली?"

मी तासभर तेच तपासून पाहिले. आणि मला स्नेहा आठवली, हेमंतची तेरा वर्षांची मुलगी. आई मला दर महिन्याला एकदा तरी हळूच विचारते, पोरीला तर नाही ना यायचं हे? मी दर वेळी सांगते, नाही, हा आजार तसा नाही. उद्या मलाही दोष निघाला असे डॉक्टरांनी सांगितले की भाऊ आणि बहीण, दोघांची मूत्रपिंडे वाईट. रक्तातच आहे, आई म्हणेल. त्यानंतर मी कितीही समजावले तरी त्या घरात कुणी ऐकणार नाही. स्नेहाची लघवी दर तीन महिन्यांनी तपासली जाईल, आणि रिपोर्ट वाचायला माझ्याकडे येईल. मी तो वाचेन.

दुसरी गोष्ट लहान आहे. जे नाही ते लिहायचे नाही, एवढे एकच मी मुलांना खात्रीने शिकवू शकले आहे.

मी अविनाशला हे सांगितले. त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, मी येऊ का बरोबर? मी नको म्हणाले.

रविवारी सकाळी दहाला मी काचीगुड्याला पोहोचले. दारातच उदबत्तीचा वास आला. आईने पाट मांडला होता, पाटाभोवती रांगोळी. ताटात हिरवा खण, नारळ, ओंजळभर तांदूळ, हळकुंडे, सुपारी. शस्त्रक्रियेआधी लेकीची ओटी भरायची असे तिने ठरवले होते आणि मला सांगितले नव्हते. त्रिवेणी दुकान उघडायला जायची, ती थांबली होती, नव्या साडीत. स्नेहा शिकवणीला गेली होती. हेमंत खिडकीजवळच्या खुर्चीत होता. पाय सुजलेले, पण दाढी केलेली आणि इस्त्रीचा शर्ट घातलेला.

"बस, वैशा," आई म्हणाली. "उन्हाच्या आत भरून घेऊ."

पदरात घेतलेली ओटी परत देता येत नाही. मी पाटाच्या अलीकडे उभी राहिले.

"आई, आधी मला बोलायचंय."

"बसून बोल की. पाय दुखतील."

"उभीच बरी आहे."

हेमंतने माझ्याकडे पाहिले आणि नेहमीप्रमाणे तोच आधी बोलला. "काय गं अक्का, भाव वाढवती का आता? मी गरीब माणूस आहे."

त्रिवेणी हसली. मी हसले नाही, आणि तेव्हा त्याने खुर्चीत सरळ बसून हात मांडीवर ठेवले. मला वाटते त्याला तेव्हाच कळले. निदान काही तरी कळले.

मी त्याला सांगितले की माझे सगळे रिपोर्ट चांगले आहेत. मला काहीही झालेले नाही, आणि पुढे कुणी झाले आहे असे म्हणाले तर विश्वास ठेवू नकोस. दवाखान्यातले तसे लिहायला तयार होते, मी त्यांना उद्या नको म्हणून सांगणार आहे. मग अदलाबदलीच्या यादीचे सांगितले. फॉर्म काढून त्रिवेणीच्या हातात दिले. म्हणाले, यात तुझं आणि हेमंतचं नाव जाईल. आणि वेगळ्या यादीत हेमंतचं एकट्याचं. हे आठ महिन्यांपूर्वी व्हायला हवं होतं. झालं नाही, ते माझ्यामुळे. माझं नाव मध्ये होतं आणि मी बोलले नाही.

त्रिवेणी फॉर्म हातात धरून उभी राहिली. तिने ते वाचले नाहीत. गल्लीतून दहीवाला ओरडत गेला. आईच्या हातात नारळ होता. तिने तो ताटात ठेवला नाही आणि पुढेही केला नाही.

"म्हणजे तू नंतर देणार?" आईने विचारले. "तब्येत सुधारली की? घाई नाही बाई, आम्ही थांबू. थांबलोच ना इतके दिवस."

हेमंत तिच्याकडे पाहत नव्हता, माझ्याकडे पाहत होता. पूर्वी अशा वेळी मी खाली बघायचे. या वेळी मी त्याच्या डोळ्यांत बघितले, कारण उत्तर आईला द्यायचे असले तरी ते त्याचे होते.

"नाही, आई. नंतरही नाही," मी म्हणाले. "हेमंत, मी किडनी देणार नाही."